उलटे कप्तान

मी पडले ती बाथरूममध्ये. त्यात सांगण्यासारखं काही नाही, ऐंशी ओलांडलेल्या बायका जगभर बाथरूममध्येच पडतात. फक्त मी पडले ती माझ्या घरच्या खडबडीत शहाबादीवर नाही, तर मुलाच्या घरातल्या पांढऱ्याशुभ्र, चकचकीत फरशीवर. बहारीनमध्ये, अमवाज आयलंड्सच्या एका इमारतीत, पाचव्या मजल्यावर. हिवाळ्यापुरती म्हणून आले होते. नातीचा वाढदिवस करायचा, सुनेला पुरणपोळी शिकवायची आणि संक्रांतीच्या आत आपल्या घरी परत, असा बेत होता. खुबा मोडला आणि बेत गुंडाळून ठेवावा लागला.

ऑपरेशन झकास झालं. खुब्यात लोखंड बसलं. डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम जुळलंय आजी, आता चालायला लागा. आणि नेमकं इथंच घोडं अडलं. मी उभी राहायचे, वॉकर धरायचे, पुढच्या फरशीकडं बघायचे, आणि पाय जागचा हलायचा नाही. दुखत नव्हतं हो, भीती वाटत होती. उभ्या आयुष्यात मी कुणाला भ्यालेली बाई नव्हे. शाळेची मुख्याध्यापिका होते. शिक्षणाधिकारी वर्गात आले तरी मी फळ्याकडं तोंड करून गणित पुरं करायचे आणि मगच वळायचे. तीच मी, हातभर फरशीला घाबरून घामाघूम होत होते. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

तशातच एका सकाळी मुलगा चहा ओतता ओतता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, आता तू इथंच राहायचं. तिकडचं घर बंद करू."

"बंद करू म्हणजे? ते काय दुकान आहे?"

"एकटी राहतेस. पडलीस तर कोण बघणार?"

"पडले तर इथं पडले की रे! तिथं एवढ्या वर्षांत एकदाही पडले नाही."

हरायला लागला की तो जे म्हणतो तेच म्हणाला, "हट्ट करू नकोस." सित्राला कुठल्याशा प्लांटमध्ये तो मोठा इंजिनिअर आहे. हाताखाली पुष्कळ माणसं आहेत, ती सगळी म्हणे त्याचं ऐकतात. असेल बाई. मी त्याची आई आहे.

माझं घर म्हणजे काही राजवाडा नाही. तीन खोल्या, पुढं दोन कुंड्या, शेजारी भांडायला एक चांगली शेजारीण. पण त्या घरात मी म्हणेन तेव्हा चहा होतो. मी दार उघडलं की गल्लीतली माणसं "बाई, झालं का जेवण?" म्हणून विचारतात. इथं मुलगा सोन्यासारखा, सून गुणाची, बाल्कनीतून समुद्र दिसतो, सगळं खरं. पण सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले की डोक्यावरून मुहर्रकच्या विमानतळाकडं उतरणारी विमानं मोजण्यापलीकडं मला उद्योग नव्हता. मला घरी जायचं होतं. माझं मरण लांब आहे असं मला वाटत नाही. ते येईल तेव्हा मी माझ्या पत्त्यावर असले पाहिजे.

आठवडाभर आम्ही मायलेक एकमेकांशी फक्त "मीठ दे" आणि "टीव्ही बारीक कर" एवढंच बोलत होतो. शेवटी सुनेनं तोड काढली. ती बँकेत अकाउंट्स बघते, दोन्ही बाजू मिळवल्याशिवाय तिला झोप येत नाही. ती म्हणाली, "आई, आपण एक अट ठरवू. खाली पाण्याच्या कडेनं जो रस्ता आहे ना, आपल्या गेटपासून त्या लाकडी पुलापर्यंत, तेवढं तुम्ही एकट्या चाललात, वॉकर नाही, काठी नाही, कुणाचा हात नाही, तर हे तुमचं तिकीट काढतील. नाही जमलं तर तुम्ही इथं राहायचं आणि तिकडच्या घराला कुलूप. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

"कबूल," मुलगाही म्हणाला. तो इतक्या पटकन म्हणाला की मला कळलं, ही म्हातारी पुलापर्यंत जाणं शक्य नाही असं त्यानं गृहीत धरलंय. बरं, म्हटलं. बघून घेते.

मला चालवायला एक पोरगी घरी यायची. मुहर्रकची, बहारीनीच. डोक्याला काळा रुमाल, पायात लालभडक बूट, आणि दवाखान्यातल्या पेशंटांकडून उचललेली तोडकीमोडकी हिंदी. ती मला हज्जिया म्हणायची. इकडं म्हाताऱ्या बायकांना मानानं असंच म्हणतात. मी तिला म्हटलं, अगं, हज सोड, मी अजून काशीला पण गेलेली नाही. ती म्हणाली, "मालूम, मालूम. यल्ला, हज्जिया." आणि दंडाला धरून मला उभं केलं. स्वभावानं ती अगदी माझ्यासारखी होती, म्हणून आमचं जमलं.

पण पाय काही उचलेना. ती म्हणायची "मफी खोफ, मफी खोफ", म्हणजे भीतीबिती काही नाही. मी म्हणायचे, तुझ्या अंगात नसेल, माझ्या आहे. एक दिवस ती कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज सीधा नहीं. आज उलटा चलो. पीछे, पीछे. मेरे को देखो."

उलटं चालायचं? मला हसूच फुटलं. ती बिचारी गोंधळली. तिला काय माहीत, तिनं कुणाच्या लेकीला उलटं चालायला सांगितलं होतं!

आबा, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या फौजेत कॅप्टन होते. आमचं संस्थान म्हणजे काही हैदराबाद, बडोदं नव्हे. एका टोकाला राजवाडा, दुसऱ्या टोकाला पागा, मध्ये बाजारपेठ. घोडा जरा उधळला तर हद्दीबाहेर जाऊन थांबायचा, असं आबाच सांगायचे. पण फौज होती, बँड होता, आणि दसऱ्याला दरबार भरायचा. महायुद्धात आबांच्या तुकडीला एका रेल्वे पुलावर पहाऱ्याला धाडलं होतं. पूल उडवायला कुणी आलंच नाही, त्यामुळं आबांना पदक मिळालं नाही. याची रुखरुख त्यांना होती, आणि आईला भारी समाधान होतं.

संस्थानी अधिकाऱ्याचं आयुष्य लढाईत कमी आणि तयारीत जास्त जायचं. पहाटे पागेत जाऊन घोड्यांचे खूर बघायचे, मग शिपायांची कवायत, मग घरी येऊन पोशाख. कोटाची पितळी बटणं आई चिंचेनं घासायची. फेटा आबा स्वतः बांधायचे, त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. मग राजवाड्यावर हजेरी. तिथं काम काय, तर उभं राहणं. उभं राहायलाही अक्कल लागते, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण खरी परीक्षा दसऱ्याच्या दरबारात. एकेक अधिकारी पुढं जायचा, महाराजांना मुजरा करायचा, आणि मग मागं मागं जात दारापर्यंत पोचायचा. गादीला पाठ दाखवायची नाही, हा रिवाज. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा! कंबरेला तलवार, दोन्ही अंगांना मानकरी बसलेले, पायाखाली गालिचा, मागं उंबरा. वळून बघायचं नाही, हातानं चाचपडायचं नाही, घाई करायची नाही. एका सरदाराची तलवार त्याच्याच पायांत अडकली आणि तो भर दरबारात उताणा पडला. त्याच्या नातवाच्या लग्नातही लोक तीच गोष्ट सांगत होते.

म्हणून दसरा जवळ आला की आबा घरी अंगणात सराव करायचे. आई महाराज व्हायची. म्हणजे ती सोप्याच्या पायरीवर बसायची, मांडीवर सूप, आणि तांदूळ निवडणं चालू. आबा पूर्ण पोशाखात तिच्यापुढं मुजरा करायचे आणि डाव्या हातानं तलवार अंगाशी धरून मागं मागं निघायचे.

"अहो, जरा उजवीकडं," आई म्हणायची. "तुळशीवर जाताय."

"महाराज बोलत नसतात!" आबा ओरडायचे.

"मग महाराजांच्या तुळशीला लाथ लागली तर चालंल का?"

मी आईशेजारी बसून हसून हसून लोळायचे. मग हट्ट धरायचे, मला पण शिकवा. माझ्या कंबरेला लाटणं खोचलं जायचं आणि आबा अगदी गंभीर होऊन शिकवायचे. मुलगी आहे, लहान आहे, असलं काही नाही. "नजर समोरच्याच्या तोंडावर. खाली बघशील तर पडशील. आधी चवडा टेकव, मग टाच. टाच बोलते पोरी, तिचं ऐक. गालिचा कुठं संपला, उंबरा कुठं आला, सगळं सांगते ती."

तर पाचव्या मजल्यावरच्या त्या दिवाणखान्यात ती मुहर्रकची पोरगी म्हणाली "पीछे", आणि मी तिच्या तोंडावर नजर लावली. आधी चवडा, मग टाच. फरशी मला दिसतच नव्हती, मग तिला भिणार कशी? वॉकर नुसता हातात धरायला. सोफा मागं पडला, जेवणाचं टेबल मागं पडलं, टाचेला गार लोखंडी पट्टी लागली. बाल्कनीचं दार आलं म्हणून मी थांबले. मागं वळून बघितलं नव्हतं.

पोरगी तोंडावर हात ठेवून उभी. "हज्जिया! कहाँ सीखा?"

"राजा के दरबार में," मी ऐटीत सांगितलं. खोटं थोडंच होतं? महाराज तांदूळ निवडत होते, एवढंच.

त्या दिवसापासून माझा नूर पालटला. आधी उलटं, मग वॉकर सोडून उलटं, मग दोन पावलं उलटं आणि दोन सुलटं. नजर फरशीवरून उचलायची, एवढीच काय ती खुबी होती. नात शाळेतून आली की माझा सराव बघायला बसायची. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायचं म्हटलं की इंग्रजीच बाहेर पडतं. "आज्जी, यू आर मूनवॉकिंग!" म्हणून ओरडली. मग आबांची सगळी हकिगत ऐकल्यावर विचारते, "बट व्हाय? सरळ वळून का नाही जायचं?"

"रिवाज होता."

"दॅट्स नॉट अ रीझन."

माझ्याच शाळेतली असती तर मी तिला पहिल्या बाकावर बसवली असती. मी तिला उत्तराऐवजी चहाच्या ट्रेची गोष्ट सांगितली.

संस्थान विलीन झालं तेव्हा मी शाळेत जायला नुकती लागले होते. फौज मोडणार हे ठरलं. कुणाला नव्या लष्करात घ्यायचं आणि कुणाला घरी पाठवायचं हे बघायला बाहेरून तीन मोठे साहेब आले आणि राजवाड्याच्या पाहुणेघरात उतरले. एकेका अधिकाऱ्याला बोलावणं गेलं. आबांनी आदल्या दिवशी बटणं स्वतः घासली, आईला हात लावू दिला नाही. आत गेले. विचारलं ते सगळं इंग्रजीत सांगितलं. नकाशा वाचून दाखवला. घोड्यांचं विचारलं, ते तर त्यांच्या हातचा मळ. साहेब खूश. "ठीक आहे कॅप्टन, या आता," म्हणाले. आबांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मागं मागं निघाले.

त्याच वेळी दारातून शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत येत होता.

किटली, कप, साखरेचं भांडं, सगळं आबांच्या अंगावर. साहेब लोक पोट धरून हसले. त्यातला एक उंच साहेब म्हणाला, "कॅप्टन, इथं आता कुणी राजा नाही." आबा कोटावरून गरम चहा निथळत असताना ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मला माहीत आहे सर. पायांना अजून कुणी कळवलेलं नाही."

निवड झालेल्यांत आबांचं नाव नव्हतं. वय जास्त आहे, असं कारण दिलं. वयच असेल. पण गावाला ते कारण फारच मिळमिळीत वाटलं. गावानं ट्रेचं कारण पक्कं केलं आणि दिवस मावळायच्या आत आबांचं नाव ठेवलं, उलटे कप्तान. पुढं ते हायस्कुलात कवायतीचे मास्तर झाले तरी हे नाव काही सुटलं नाही. आमच्या वर्गातली पोरं माझ्यासमोर सुद्धा म्हणायची. मी दोघांना धरून हाणलं होतं, ते वेगळं.

आबा मात्र नाव लपवत बसले नाहीत. लग्नाकार्यात जेवणं झाली की लोक म्हणायचे, कॅप्टनसाहेब, होऊ द्या एकदा ट्रे! आबा उठायचे, तिन्ही साहेबांचे आवाज काढायचे, शिपायाचं काम माझ्या मामाला द्यायचे आणि सगळा मांडव हसून लोटपोट करायचे. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," असं शेजारचा कुणीतरी म्हणाला, तर आबा म्हणाले, "मेल्यावर तरी कुठं जाते? तिरडीवरनं पण वरच्याचं तोंड बघत जातो."

पण आईनं मला एक सांगितलं होतं, मी मोठी झाल्यावर. ज्या वर्षी फौज मोडली, त्या दसऱ्याला आबांना कुठंच जायचं नव्हतं. दरबार नाही, मुजरा नाही. दुपारी ते पोशाख चढवून अंगणात येऊन नुसते उभे राहिले. आई आतून सूप घेऊन आली आणि पायरीवर बसली. आबांनी मुजरा केला आणि दारापर्यंत मागं मागं गेले. त्या दिवशी आईनं उजवीकडं, डावीकडं काही सांगितलं नाही.

नातीनं ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "स्टिल नॉट अ रीझन, आज्जी." पण हळू आवाजात म्हणाली.

परीक्षेचा दिवस शुक्रवारचा ठरला, सुट्टीचा. सकाळची वेळ, ऊन कोवळं, वारा छान. खाली पाण्याच्या कडेनं हॉटेलवाले खुर्च्या मांडत होते, मांजरं त्यांच्या पायांत घुटमळत होती. मी चांगली नऊवारी नेसले होते. सून म्हणाली, आई, आज तरी गाऊन घाला, पायांत येईल. मी म्हटलं, तलवार पायांत आली नाही आमच्या, हे काय घेऊन बसलीस!

मुलगा पळायचे बूट घालून आला होता. माझ्या मागं चार पावलं राहायचं आणि हात लावायचा नाही असं ठरलं. सून आणि नात पुलाच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

निघाले. नजर वर, आधी सगळं बेस झालं. निम्मा रस्ता सरला तेव्हा मला स्वतःची शाबासकी द्यावीशी वाटली. आणि माझीच मला दृष्ट लागावी तसं, एक लहान पोर स्कूटर हाणत माझ्या कोपराजवळनं सूं करून गेलं. मी दचकले, खाली बघितलं. हॉटेलवाल्यानं नुकतीच फरशी धुतली होती. ओली, पांढरी, चकचकीत. बाथरूमच दिसलं मला. पाय खिळले.

"आई, बस झालं. थांब, मी धरतो," मागून मुलाचा आवाज आला आणि पळत येणारे बूट ऐकू आले.

त्यानं हात लावला की खेळ खलास. घराला कुलूप.

मी पाय न उचलता, चवडे सरकवत सरकवत गर्रकन नाही, पण वळले. हात पुढं केला. "तिथंच उभा राहा! हात लावलास तर बघ!" शाळेच्या मैदानात पलीकडच्या टोकाला पोचणारा आवाज आहे माझा. तो जागीच उभा राहिला. दोन वेटर पण उभे राहिले.

मग मी त्याच्या तोंडावर नजर लावली, डाव्या हातानं निऱ्या अंगाशी धरल्या आणि मागं मागं निघाले. आधी चवडा, मग टाच.

तो मला चालताना बघत होता, आणि मी त्याला. इतका वेळ सलग त्याच्याकडं मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. दाढी पांढरी झालीय. डोळ्यांखाली काळं आलंय. दोन्ही हात पुढं पसरलेले, मी पडले तर झेलायला. तो सायकल शिकत असताना मी असेच हात पसरून त्याच्या मागं पळायचे. मला वाटत होतं, पोरगा अडून बसलाय. तो अडून बसला नव्हता, तो भ्याला होता. मी भ्याले त्याच्यापेक्षा जास्त.

"आई, जरा उजवीकडं," तो म्हणाला. "बाक आहे मागं."

"महाराज बोलत नसतात," मी म्हटलं. तिकडं पुलावरून नातीचं खदखदून हसणं ऐकू आलं. तो बावळटासारखा बघत राहिला. मी गुपचूप उजवीकडं झाले, हेही सांगायला हवं.

आणि तेव्हा मला आबा आठवले. दरबारातले नाही, ट्रेतले नाही. माझं लग्न झाल्यावर पहिल्यांदा माहेरपण करून ते मला सासरी पोचवायला आले होते ते आबा. चहा झाला, उंबऱ्यात मी पाया पडले, आणि ते निघाले ते गल्लीतून मागं मागं, माझ्याकडं तोंड करून, थेट गल्लीच्या वळणापर्यंत. सासरची सगळी आळी दारात येऊन हसत होती. एका सायकलवाल्याला धडकले. तरी वळले नाहीत. मी मनात म्हटलं होतं, लष्करी खाक्या, दुसरं काय! इतकी वर्षं मी तेच समजत होते. पण माणूस वळला की त्याला मागचं माणूस दिसत नाही. आबांना मी दिसायला हवी होते, जितकी दिसेन तितकी. एवढंच होतं ते. नातीला हवं होतं ते कारण मला मिळालं, आणि ते सांगायला तोंड उघडलं तर रडू येईल म्हणून मी ओठ घट्ट मिटून चालत राहिले.

टाचेला लाकूड लागलं. पूल आला.

"ही चीटिंग आहे," मुलगा म्हणाला.

"अट चालायची होती," सून म्हणाली. "तोंड कुठं करायचं ते काही ठरलं नव्हतं."

तिकीट त्यानं त्याच दिवशी काढलं, शब्दाचा पक्का आहे. पण पुढं दोन दिवस रुसून बसला. तिसऱ्या दिवशी माझ्या घरच्या बाथरूमला दांड्या बसवायला आणि शहाबादीवर रबरी पट्ट्या लावायला गावातला माणूस ठरवून मोकळा झाला. लालभडक बुटांची पोरगी निरोपाला आली, खजूर घेऊन. "हज्जिया, फिर आना." मी म्हटलं, इंशाल्ला. तिला हसू आवरेना.

विमानतळ आमच्या घरापासून जवळ. मला विचारल्याशिवाय त्यानं व्हीलचेअर सांगून ठेवली होती, वर हातात काठीही दिली होती. म्हटलं, असू दे, सगळ्याच लढाया जिंकायच्या नसतात. प्रवाशांशिवाय कुणाला पुढं सोडत नाहीत, त्या जागेपर्यंत सगळे आले. नातीनं गळ्याला मिठी मारली, सून रडली. मुलगा वाकून पाया पडला. "पोचल्यावर फोन कर," म्हणाला आणि पटकन खिशातून मोबाइल काढून त्यात बघायला लागला. आमच्या घरातल्या पुरुषांना रडताना कुणी बघितलेलं चालत नाही.

आम्ही दोघंही जाणून होतो की मी परत इथं येणार नाही.

खुर्ची ढकलणाऱ्याला मी म्हटलं, "ठहरो." उठले. काठी डाव्या हातात घेतली, तलवारीसारखी अंगाशी धरली, आणि मुलाकडं तोंड करून मागं मागं निघाले. लोक बघत होते. बघू देत. उलटे कप्तानांची लेक आहे मी.

त्यानं मान वर केली. मोबाइल तसाच हातात राहिला. तेवढ्यात रखवालदारानं त्याला हातानं खूण केली, वाट सोडा, बाहेर व्हा. मला वाटलं, आता हा वळणार.

तो वळला नाही. माझ्याकडं बघत बघत एक पाऊल मागं गेला, मग दुसरं. कुणाच्या तरी सामानाच्या गाडीवर आदळला, वरची खोकी धडाधड खाली आली. "अरे भाई, देख के!" कुणीतरी ओरडलं. तो सॉरी सॉरी म्हणत राहिला, एक हात मागं चाचपडत, पण त्यानं तोंड फिरवलं नाही. डोळे वाहत होते, ते पुसलेही नाहीत. त्याच्या मागं काचेचं दार होतं, त्याच्या खाली लोखंडी पट्टी.

मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, टाचेचं ऐक रे बाळा, टाचेचं ऐक.